लकवा विचारत खानदेशात

फैजपूर, पहिला दिवस

फैजपूरला पाय ठेवल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत मी एका मुलीचं ठरत आलेलं लग्न जवळजवळ मोडलं. हेतू चांगला होता. माझे सगळेच घोटाळे चांगल्या हेतूनं होतात असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात, आणि त्या हे कौतुकानं म्हणत नाहीत.

झालं असं, की चुलतभाऊ मुरलीनानाला मी नाशिकहून आठ दिवस आधी कार्ड टाकलं होतं, की मी येतोय. चैत्रअखेरच्या भर उन्हात बारा वाजता त्याच्या ओट्यावर चढलो, तर आत बैठक मांडलेली. स्वच्छ चादरी, उदबत्ती, कडक पांढऱ्या टोप्या, नवा सदरा घातलेला नाना. मी भारावूनच गेलो. सदतीस वर्षांनी वडिलांच्या गावी आलेल्या माणसासाठी एवढं! मधोमध एक गादी रिकामी होती, तिच्यावर बसलो. समोर पोह्यांची बशी आली, ती संपवली. नाना माझ्याकडं टक लावून पाहत होता. ते प्रेम असावं असं समजून मी पिशवीतून वही काढली आणि म्हणालो, "नाना, उगीच वेळ घालवत नाही. आपल्या घराण्यात लकवा कोणाकोणाला मारला, तेवढं एकेक करून सांगा."

समोरच्या एका गृहस्थांचा घास तोंडापाशी थांबला.

"कोणाले?" त्यांनी विचारलं.

ते पहूरचे पाहुणे होते. नानाच्या ज्योतीला पाहायला आले होते. गादी मुलासाठी होती, पोहेही मुलासाठीच होते, आणि तो बिचारा हातपाय धुऊन ओल्या पायांनी दारात उभा होता. माझं कार्ड आलं दुसऱ्या दिवशी.

"हा आमचा नाशिकचा भाऊ," नाना पाहुण्यांना म्हणाला. "इतिहासाचा मास्तर हाये. मेलेल्या माणसाइशिवाय त्याले दुसरं काही सुचत नही."

पाहुणे हसले, पण बेताचं. चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. त्यांतल्या मुलाच्या मामांनी, म्हणजे घास थांबलेल्या गृहस्थांनी, जाताना माझ्याकडं एकदा वळून पाहिलं.

आता वाचकांना वाटेल, हा प्रश्न घेऊन माणूस तीनशे किलोमीटर कशाला गेला? तर माझा धाकटा भाऊ प्रकाश. वय एकोणचाळीस. कारखान्यात फिटर. तंबाखू नाही, दारू नाही, रक्तदाब सरळ. एका सकाळी त्याच्या हातून चहाचा कप सुटला, आणि "अगं, कप" म्हणायला गेला तर तोंडातून नुसता लाळेचा आवाज आला. उजवा हात, उजवा पाय गेला. मेंदूकडं जाणारी एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली होती. भेटायला येणारा प्रत्येकजण कारण सांगून जाई: रात्रपाळी, तेलकट खाणं, रागीट स्वभाव. महिनाभरानं शब्द थोडे जुळायला लागले, तेव्हा प्रकाशनं पहिली विचारलेली गोष्ट होती, "दादा, माझं काय चुकलं?"

डॉक्टरांनी मेंदूचं छायाचित्र उजेडासमोर धरलं. एकच नव्हे, आधीचेही बारीक बारीक डाग होते. "एवढ्या लहान वयात हे असं काही घराण्यांमधून उतरताना दिसतं," ते म्हणाले. "ह्याची साधी रक्ततपासणी आपल्याकडं अजून आलेली नाही. तुमचे नातेवाईक हीच तपासणी. कोणाला झालं, कितव्या वर्षी, तरुणपणी डोकं दुखायचं का, बोलणं गेलं का. हे घराण्यातलं निघालं, तर मला तुम्हालाही तपासावं लागेल. आणि मुलांनाही पुढं जपावं लागेल."

मी शाळेत इतिहास शिकवतो. मोगल बादशहा कोणता कशानं मेला हे मला झोपेतून उठवून विचारा. माझे आजोबा कशानं गेले, ते मला ठाऊक नव्हतं. वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा, प्रकाश दोन वर्षांचा. ते विहिरीत पाय घसरून गेले एवढं माहीत होतं. त्यानंतर आईनं आम्हाला उचललं ते थेट नाशिकला मामाकडं आणलं, आणि पुन्हा खानदेशाचं नाव काढलं नाही.

पाहुण्यावर घरात ओरडता येत नाही, म्हणून नाना मला केळीच्या बागेत घेऊन गेला. बाहेर ऊन असं, की सायकलच्या सीटवर हात ठेववेना. आणि बागेत शिरलो तर एकदम माठातल्या पाण्यासारखा गारवा. हिरवा अंधार. डोक्यावर पानांचं छत, पायाखाली ओल, आणि कुठंतरी पाटाचं पाणी चाललेलं. आमच्या नाशिकला द्राक्षांचे मळे आहेत. पण द्राक्षाच्या मळ्यात माणूस येतो आणि जातो. ह्या बागेत मला कोणीतरी आत घेतल्यासारखं वाटलं.

"तुले माहिती काढायची, मले पोरगी उजवायची," नाना म्हणाला. "लकवा नही आपल्या घरात. आजोबाले वारं लागलं. माह्ये वडील चक्कर येऊन गाडीवरून पडले. तुह्ये विहिरीत घसरले. झालं?"

मी मान हलवली आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, "ह्या बागेला बी कुठून आणता?"

माझं अज्ञान पाहून नानाचा राग पार उतरला. नानाच्या तोंडी केळीची 'केयी' होते. "केयीले बी नसते, मास्तर! बुडाशी पील फुटते. ते काढायचं न् लावायचं. हे झाड दिसून राह्यलं ना? हे आजोबानं लावलं तेच हाये. दरवर्षी मरते, न् दरवर्षी बाजूले उभं राह्यते."

मी त्या झाडाकडं पाहत राहिलो. आजोबांनी हात लावलेलं झाड, साठ वर्षं चालत चालत ह्या बांधापर्यंत आलेलं.

"आणि रोग आला तर?"

"तो बी कंदातूनच येते. वरून झाड चांगलं दिसते. पील दुसऱ्या वावरात नेऊन लावलं, का तिथी निघते." एवढं बोलून नाना थांबला. त्यानं एका खोडावर हात ठेवला होता, तो काढून घेतला.

निघताना ज्योतीनं मला परसात गाठलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी, चष्मेवाली, शांत मुलगी. माझी हिंमत होत नव्हती तिच्याकडं पाहायची.

"काका, चोपड्याच्या अक्काआजीला विचारा. तिला सगळं ठाऊक आहे. पण तिला कोणी विचारत नाही."

चोपडा, दुसरा दिवस

अक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांच्या चार भावंडांतली तिसरी, वय चौऱ्याहत्तर. साठ वर्षांपूर्वी फैजपूरहून चोपड्याला दिलेली, त्यामुळं माहेरची बोली आणि सासरची खानदेशी तिच्या तोंडात एकमेकींत विरघळून गेलेल्या. मी पोचलो तेव्हा ती गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घालत होती. उत्तरेला सातपुडा उन्हानं विरून गेल्यासारखा दिसत होता. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर वर न पाहता म्हणाली, "दामूना पोऱ्या शे ना तू? पायऱ्या चढस तो आवाज त्यानाच शे."

मला पंचेचाळीस पायऱ्या तरी चढल्यासारखं झालं. सदतीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं पाऊल मी रोज शाळेच्या जिन्यावर वाजवत असेन, तर मला काय कल्पना!

तिनं बिबड्यांचा गरम घाटा वाटीत घालून, वर कच्चं तेल सोडून पुढं केला. नाशिकला आम्ही वाळवणं विकत आणतो आणि तळून खातो. ती शिजत असतानाच खायची असतात हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तीन वाट्या झाल्यावर मी वही काढली. ह्या वेळी आजूबाजूला पाहून घेतलं, कोणी लग्नाळू नव्हतं.

अक्कानं प्रश्न ऐकला आणि हात धुतले.

"अठे नही सांगाव."

"का, अक्का?"

"मना माहेरना माणसं शेत. त्यासनं नाव माहेरनी चूलपुढे लेवानं. आखाजीले आगारी टाकतस ना, तव्हय सांगसू."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात ह्या सणाला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सण तीन दिवसांवर होता.

"मग चल फैजपूरला."

"अशी कशी चाल? लेकले माहेरी न्यावाले मुराळी लागस." मग आवाज जरा खाली आला. "सहा वरीस व्हयनात. कोनी उनंच नही."

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला आणायला जाणारा माहेरचा माणूस, बहुधा भाऊ किंवा भाचा. टक्कल पडलेला, पायात गोळे येणारा मुराळी तिनं पाहिला नसावा, पण मी तिथल्या तिथं ते पद स्वीकारलं.

"पण आधी धुळाले जा," ती म्हणाली. "भास्करले देखी ये. मंग माले ली जाय."

"भास्करकाका कुणाशी बोलत नाहीत ना? फार गर्विष्ठ आहेत म्हणतात."

"बठ्ठा तेच म्हणतस," अक्का म्हणाली, आणि पुन्हा बिबड्यांकडं वळली.

धुळे, तिसरा दिवस

धुळ्याचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत, त्यामुळं तिथं हरवायला विशेष कौशल्य लागतं. ते माझ्यापाशी आहे. एकाच चौकात तीनदा आल्यावर पानवाल्यानंच हाक मारून पत्ता विचारला आणि मला दारापर्यंत पोचवलं.

भास्करकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय पासष्टच्या पुढं. आईच्या तेराव्याला ते आले नव्हते, साधं पत्रही नव्हतं, तेव्हापासून मी त्यांच्यावर रीतसर रुसून होतो. वाक्यंसुद्धा तयार करून ठेवली होती. काकूंनी दार उघडलं, आणि पलीकडं खुर्चीत प्रकाश बसलेला दिसला.

म्हणजे प्रकाश नव्हता. केस पांढरे होते. पण तोंडाचा तोच कोपरा खाली ओढलेला, तोच उजवा हात मांडीवर, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. माझी सगळी वाक्यं गळून पडली.

"अकरा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "एकदा आला, मग दुसरा, मग तिसरा. बोलणं गेलं. ह्यांना वाटायचं लोकांनी असं बघू नये. मग कोणी आलं की मीच दारातून सांगायची, ते कोणाशी बोलत नाहीत."

"काकू, निदान आम्हाला तरी..."

"घरात दोन मुली होत्या लग्नाच्या," त्या म्हणाल्या. मला फैजपूरची गादी आठवली.

जेवायला शेवभाजी होती. लालभडक तर्री, वर जाड तिखट शेव. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ आली. काका डाव्या हातानं सावकाश जेवत होते आणि माझी फजिती पाहत अर्ध्या तोंडानं हसत होते. त्यांना सगळं समजत होतं. मी प्रकाशचं सांगितलं. कप सुटला ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते म्हणून विचारलं, "काका, तरुणपणी तुमचं डोकं दुखायचं?"

त्यांनी डावा हात उचलून डोक्याच्या एकाच बाजूवर ठेवला. बरोबर निम्म्यावर.

"अर्धशिशी," काकू म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून. पट्टी बांधून अंधारात पडून असायचे."

मग काकांनी जेवलेल्या ताटाकडं पाहिलं. ताटात तर्रीचा लाल ओघळ पसरला होता. त्यात त्यांनी बोट टेकवलं आणि हळूहळू एक रेघ ओढली. वर, खाली, वर, खाली, करवतीच्या दातांसारखी.

"हे काय काढतात देव जाणे," काकू म्हणाल्या. "धुळीत काढतात, भिंतीवर काढतात. मी पुसत असते."

वाचकहो, ती रेघ मी ओळखली.

तिसाव्या वर्षापासून महिन्यातून एकदा-दोनदा माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात एक चमकता ठिपका उगवतो. वीसेक मिनिटांत त्याची रेघ होते, दात्यादात्यांची, झगझगीत, थरथरणारी. ती कमानीसारखी वाकत मोठी होत जाते, समोरच्या मुलाचं निम्मं तोंड त्यात बुडतं, आणि मग ती विरते व डोक्याचा निम्मा भाग ठणकायला लागतो. मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगत आलो होतो. मला वाटे, ही रेघ जगात फक्त माझ्या डोळ्यांत आहे, आणि ती पेपर तपासून तपासून आली आहे.

इथं धुळ्यात, जन्मात दोनदा भेटलेला एक मुका माणूस तीच रेघ भाजीच्या रश्श्यात काढत होता. अकरा वर्षं काढत होता, आणि एकालाही वाचता आली नव्हती.

मी माझं बोट तर्रीत बुडवलं. त्यांनी जिथं सोडली होती तिथून रेघ पुढं नेली आणि डावीकडं वाकवून कमान पुरी केली. काकांनी ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या घशातून असा एक आवाज आला की काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. पाणी नको होतं. ते हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी माझं मनगट धरलं ते मी निघेपर्यंत सोडलं नाही.

धुळ्याहून परतताना मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, व्यवस्थित वाटली. पण त्या दुपारी बसच्या खिडकीशी मला नुसतं आश्चर्य वाटत होतं. नाकासारखं नाक असतं, चालण्यासारखं चालणं असतं, हे ठीक आहे. पण माझ्या डोळ्यांमागचा उजेडसुद्धा माझा नव्हता! तो कोणाच्या तरी डोळ्यांतून निघून, मला न विचारता, माझ्यापर्यंत आला होता.

फैजपूर, आखाजी

चोपड्याहून अक्काला घेऊन निघालो. माझ्या डोक्यावर बिबड्यांचा डबा, हातात तिची गाठोडी. कंडक्टरला तिनं आपणहून सांगितलं, "हाऊ मना मुराळी शे." सगळी बस वळून मुराळ्याकडं पाहू लागली. एका आजींनी मला बसायला जागा दिली. मुराळी लेकीपेक्षा जास्त थकलेला दिसत होता.

नाना ओट्यावर होता. अक्काला पाहून तो उठला, गोंधळला, आणि खाली वाकून पाया पडला. अक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सहा वरीस लागनात तुले वाकाले." मग आत जाऊन तिनं आधी चूल पाहिली, आणि ती बरोबर नाही म्हणून नानाच्या सुनेकडून दोन विटा हलवून घेतल्या.

आखाजीच्या सकाळी कोरी घागर भरून मांडली, वर खरबूज, सांजोऱ्या. सूनबाई उलट्या खापरावर पुरणपोळी टाकत होती. आमच्याकडं पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. इथं ती हातावर फिरत फिरत मोठी होते, कोपरापर्यंत येते, आणि मग रुमाल टाकावा तशी खापरावर पडते. मी तोंड उघडं ठेवून पाहत होतो. ताट वाढलं, आमरस आला, आणि नाना आगारी टाकायला चुलीपुढं बसला. चुलीतल्या निखाऱ्यांवर प्रत्येक पदार्थाचा घास आणि तूप सोडायचं, आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं.

"तुकाराम," नाना म्हणाला. आमचे आजोबा. तूप चरचरलं, ज्योत वर आली.

"पन्नास वरीसना," शेजारून अक्का म्हणाली. "वारं नही लागनं. डावा अंग गया. तीन महिना खाटवर व्हता. कपाळले पट्टी तर मी पोर व्हतु तव्हयपासूनच."

नानाचा हात थांबला. "अक्का, आज नको. ज्योतीचं अजून जुळायचं हाये."

"भास्करनी बी पोरीसनं जुळाडं. अकरा वरीस त्याले कोंडी ठेवं, आनि तुम्ही बठ्ठा त्याले गर्विष्ठ म्हणत राह्यनात. आते पुरं. दुसरं नाव ले."

नानानं सगळ्यांकडं पाहिलं. मी वही उघडली होती, पण अक्काच्या बोलीतले शब्द पकडता पकडता माझी एक ओळही पुरी होईना. तेवढ्यात ज्योती पुढं आली आणि माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"द्या काका, मी लिहिते. मलाही हवंय हे. हे माझंच आहे ना?"

"वामन," नाना म्हणाला. त्याचे स्वतःचे वडील.

"एक्केचाळीस. चक्कर ईसन नही पडना. चार दिन पहिलेपासून घास उजवा हातमातून सांडे. अर्धशिशी व्हती."

ज्योती लिहीत होती. चूल चरचरत होती.

"दामोदर."

अक्का माझ्याकडं वळली.

"मी तठेच व्हतु. आखाजीले उनेल. इहीरवर दोर धरीसन उभा व्हता तुना बाप. माले काहीतरी सांगाले तोंड उघडं, आनि तोंड वाकडं व्हयनं. हातमातून दोर सुटना. तो इहीरमा घसरना नही, भाऊ. आधी पडना, मंग इहीरमा गया."

"मग सगळे घसरला का म्हणतात?"

"घसरना म्हणतस ते चांगला लोक." तिनं पदर नीट केला. "बाकीना म्हणेत, उडी मारी. तुनी मायनी तेच ऐकं. म्हणीसन ती गई. मी सांगं, तोंड वाकडं देखं मी. पण दुसरा दिन सासरना माणूस माले लेवाले उना, आनि मागे कोनी इचारंच नही."

सदतीस वर्षं. आई नाशिकला दिवसभर शिवणकाम करी, कोणाच्याही घरी गेली तरी विहिरीकडं पाठ करून बसे. मला वाटे, तिला पाण्याची भीती वाटते. ज्याला तिला जाब विचारायचा होता, त्यानं काही केलंच नव्हतं, हे सांगणारं माणूस दीडशे मैलांवर बिबड्या घालत बसलं होतं.

नाना उठणार होता. अक्कानं त्याला खुणेनं बसवलं.

"आखो एक नाव ऱ्हायनं. सावित्री. तुकारामनी माय. येडी व्हयनी म्हणत. येडी नव्हती. हळूहळू बोलानं सुटनं, इसरी जाये. तिनापासून उनं हे."

"ती कुठली होती?"

"सातपुडाना पायथानी. गावनं नाव माले बी ठाव नही."

नानानं तिच्या नावानं तूप सोडलं. बहुधा पहिल्यांदाच कोणी सोडलं असेल. आगारीत बायकांची नावं फार मागं जात नाहीत. मी दाराबाहेर पाहिलं. केळीच्या हिरव्या पट्ट्याच्या वर डोंगराची निळसर रेघ होती. तिथली कुठलीतरी आई, आणि तिची आई, डोकं बांधून अंधारात पडून राहिलेल्या असतील, आणि डोळे मिटल्यावर त्यांनी तीच करवत पाहिली असेल. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात एवढं जुनं आणि एवढं चालू असलेलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसला निघत होतो, तर ओट्यासमोर जीप थांबली. पहूरचे मामा. नाना पांढरा पडला. मामा सरळ माझ्यापाशी आले.

"मास्तर, ती वही काढा."

मी काढली.

"आमच्याकडं साखर आहे. मुलाच्या आईला, आईच्या वडिलांना. लिहून घ्या." मग नानाकडं वळून म्हणाले, "चार घरं पाहिली आम्ही. कोणाच्याच घरात कोणी कधी आजारीच पडलेलं नाही! तुमच्याकडं पोहे संपायच्या आत खरं बाहेर आलं. आमच्या पोरानं गाडीतच सांगितलं, ह्या माणसांशी बोलता येईल."

तो माझा वेंधळेपणा होता हे सांगायला मी तोंड उघडलं. नानानं माझ्या पायावर पाय ठेवला.

"आधी मी त्याच्याशी बोलणार," ज्योती दारातून म्हणाली. "वहीतलं सगळं वाचून दाखवणार. मग त्यानं ठरवावं, न् मी पण ठरवीन."

मामा म्हणाले, "बोला की. तेवढ्यासाठीच तो जीपमध्ये बसलाय."

नाशिक

डॉक्टरांनी ज्योतीच्या सुबक अक्षरातली पानं दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. "प्रत्येक मूल जन्माला येताना एक नाणं उडतं," ते म्हणाले. "छापा पडला तर हे येतं, काटा पडला तर येत नाही. तुमच्या अक्कांचा काटा. मुरलीधरांचा बहुधा काटा, पण ठाम नाही सांगता येत. तुमचं डोकं दुखतं म्हणता, तर तुमचं छायाचित्र काढू." ह्याला औषध अजून नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तंबाखू, दाब, साखर ही बाकीची दारं बंद ठेवता येतात, आणि ती आता आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर बंद ठेवायची.

मी प्रकाशच्या खाटेशी बसून चारही नावं वाचली. तुकाराम, वामन, दामोदर, सावित्री. मग भास्करकाका. तो छताकडं पाहत ऐकत होता. संपल्यावर शब्द एकेक करून बाहेर काढत म्हणाला, "म्हणजे... माझं... काही चुकलं नव्हतं."

"नाही रे."

"बाबांचं पण नाही."

"नाही."

त्यानं डावा हात डोळ्यांवर घेतला. मी खिडकीशी जाऊन, रस्त्यावर काही नव्हतं ते पाहत उभा राहिलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. करवतीची रेघसुद्धा सांगितली. सतरा वर्षांचा चष्म्याचा नंबर त्यात उघडा पडला. तिनं वही मागून घेतली. मी केळीच्या बागेचं, खापरावरच्या पोळीचं, डोंगराचं रंगवून सांगत होतो, आणि ती एकेक पान सावकाश वाचत होती. शेवटचं पान झालं, ते उलटून तिनं पाठीमागची कोरी बाजू पाहिली. पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं.

"काय शोधतेस?"

"ह्यांच्या बायकांनी पुढं काय केलं, ते कुठल्या पानावर आहे?"

मी वहीकडं पाहिलं. ते मी विचारलंच नव्हतं.

तिनं वही मिटून आपल्या कपाटात, साड्यांखाली ठेवली. "राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या आखाजीला मी येते. अक्कांना मी विचारीन."